सुरूचा खांब आणि केळफूल

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात विश्वकर्म्याची दोन सूक्ते आहेत. त्यांपैकी पहिल्या सूक्तात ऋषीला एक कुतूहल पडले आहे. एवढे विश्व ज्याने घडविले त्याने लाकूड आणले ते कोणत्या रानातून, आणि ते झाड तरी कोणते, असे तो जाणत्यांना विचारतो. भाष्यकारांनी या प्रश्नाचे तात्त्विक अर्थ पुष्कळ केले आहेत व ते योग्यच आहेत. परंतु आपल्या सुतार ज्ञातीच्या माणसाला तो वाचताना निराळेच काही वाटते. हा प्रश्न कामावर आलेल्या कारागिराचा आहे. नवे काम अंगावर आले की आमच्या घरातील वडीलधारी माणसे मोजमापाची व मजुरीची गोष्ट मागाहून काढीत. लाकूड कोणते आणि कोठले, हे प्रथम विचारीत.

आपल्या स्मरणिकेत ज्ञातीतील दानशूर व्यक्तींचा परिचय, संस्थेचा वृत्तांत, गुणवंत विद्यार्थ्यांची नामावली असे साहित्य नेहमी येते. ज्या वृक्षाच्या आधारावर आपल्या पिढ्यान्‌पिढ्या जगल्या, त्याविषयी मात्र क्वचितच काही लिहिले जाते. ही उणीव अल्पांशाने भरून काढावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. झाडाने आपल्याला लाकूड दिले हे सर्वच जाणतात. परंतु कामाची गती आणि कामाचे आकारही आपण झाडापासूनच घेतले, हे इतिहास पाहू गेल्यास ध्यानात येते.

कार्ल्याचा वढकी

काष्ठकलेचा इतिहास लिहिणाऱ्याची पहिली अडचण अशी की, लाकूड टिकत नाही. वाळवी, पाऊस आणि अग्नी यांच्या तडाख्यातून सुटलेले फार जुने काम आपल्या हवेत सहसा सापडत नाही. सुदैवाने महाराष्ट्रात या नियमाला मोठा अपवाद आहे आणि तो सह्याद्रीच्या पोटात आहे. लोणावळ्याजवळील कार्ले येथील चैत्यगृह इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमाराचे मानले जाते. सुमारे १२४ फूट लांबीच्या या दालनात शिरून मान वर केली, तर कातळाच्या छताला लागून सागवानी फासळ्यांची रांग दिसते. हे लाकूड मूळ काळचे, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे आहे. जवळच असलेल्या, त्याहूनही जुन्या भाजे येथील चैत्यगृहातही अशाच फासळ्या आहेत.

आता विचार करण्याजोगी गोष्ट ही की, डोंगर पोखरून केलेल्या छताला फासळ्यांची गरज काय? कातळ स्वतःच्या बळावर उभा आहे. लाकडाने त्याला कसलाही आधार दिलेला नाही. याचे उत्तर असे की, दगडात लेणी कोरण्यापूर्वी अशी गृहे लाकडाची बांधीत आणि लोकांच्या डोळ्यांना तीच ओळखीची होती. दगड हाती आला तरी कल्पना लाकडाचीच राहिली. भाजे येथील अष्टकोनी खांब किंचित आतल्या बाजूस कललेले आहेत. लाकडी घरात छताचा रेटा सोसण्यासाठी खांब तसे कलते रोवावे लागत. दगडात त्याचे काही प्रयोजन नव्हते. लेण्याच्या दर्शनी भागावरील कमानीला आपण पिंपळपानाकृती म्हणतो. तिचे मूळही वाकविलेल्या लाकडाच्या छतात आहे. महाराष्ट्रातील पाथरवटांची विद्या मोठी खरीच, परंतु तिचे पहिले धडे सुताराच्या अंगणात गिरविले गेले, असे म्हणण्यास हरकत नाही.

कार्ल्याच्या त्या चैत्यगृहात आपल्या ज्ञातीच्या दृष्टीने अमोल असा एक पुरावा आहे. प्रवेशभागातील एका ब्राह्मी लेखात हे द्वार घडविणाऱ्याचे नाव कोरलेले आहे. तो धेनुकाकट गावचा, वेणुवासाचा पुत्र सामी. त्याचा व्यवसाय ‘वढकी’ असा दिला आहे. संस्कृतातील ‘वर्धकि’ तो हाच. वर्धकि म्हणजे सुतार. राजे, श्रेष्ठी, भिक्षू यांच्या दानांचे लेख लेण्यांतून पुष्कळ आहेत. स्वतःच्या हातांनी काम करणाऱ्याचा, त्याच्या पित्याच्या नावासह, असा उल्लेख दुर्मीळ होय. लाकूडकाम करणाऱ्याने दगडाचे द्वार घडविले आणि त्याचे नाव त्या दगडावर राहिले.

पुढे वेरूळच्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात छताच्या फासळ्यासुद्धा दगडातच कोरल्या गेल्या. ते लेणे सातव्या शतकाच्या सुमाराचे. लोकांनी त्याला ‘विश्वकर्मा’ व ‘सुतारांची झोपडी’ अशी नावे दिली. आत बुद्धमूर्ती आहे; तथापि सुतार मंडळी तिला विश्वकर्मा समजून पूजीत असत. दगड पाहूनही त्यांनी लाकूड ओळखले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

झाडाची अनुज्ञा

सहाव्या शतकातील वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त मूर्तीसाठी लाकूड आणण्याचा एक स्वतंत्र अध्याय लिहिला आहे. त्यात कोणती झाडे वर्ज्य करावीत हे आधी येते. स्मशानातील, रस्त्याच्या कडेचे, देवालयाजवळचे, वारुळावर वाढलेले, पक्ष्यांची घरटी असलेले, वीज किंवा वादळाने मोडलेले झाड घेऊ नये. योग्य झाड सापडल्यावरही लगेच कुऱ्हाड घालावयाची नाही. रात्री त्याची पूजा करावी, नैवेद्य दाखवावा, त्यावर वस्ती करणाऱ्या भूतांनी दुसरीकडे बिऱ्हाड हलवावे अशी विनंती करावी. सकाळी झाडाला पाणी घालावे आणि मग मध व तूप लावलेल्या कुऱ्हाडीने ईशान्येकडून पहिला घाव घालावा.

यात केवळ भाबडेपणा आहे असे आजच्या तरुणास वाटेल. परंतु कारागिराच्या नजरेने पाहिले तर या विधीत एक शहाणपण आहे. वीज पडलेल्या झाडाला आतून चिरा असतात. वारुळावरच्या झाडात वाळवी असते. वादळात पिळवटलेल्या खोडाचे तंतू सरळ राहत नाहीत. आणि झाडाशेजारी एक रात्र काढणाऱ्या मनुष्याचे त्या झाडाकडे नीट लक्ष जाते. घाईने निवडलेले लाकूड घरात आल्यावर सूड घेते, हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांना असेल.

हीच दृष्टी मराठी राज्यकर्त्यांनी राजनीतीत आणली. रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ इ. स. १७१५ च्या सुमाराचे. त्यात आरमाराच्या प्रकरणी लाकडाचा विचार आला आहे. सागवानासारखे जे लाकूड लागेल ते हुजूरची परवानगी घेऊन रानातून तोडावे, परंतु आंबा व फणस यांना हात लावू नये, असा त्याचा आशय आहे. कारण असे दिले आहे की, ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात व ती तोडली तर तिच्या दुःखास पार राहत नाही. एखादे झाड जीर्ण व निरुपयोगी झालेच, तर धन्यास राजी करून, मोल देऊन न्यावे. बळजोरी करू नये. राज्याला जहाजे हवी होती व शत्रू दाराशी होता. अशा काळातही झाडाला वाढावयास किती वर्षे लागतात, हे राज्याच्या धोरणात मोजले गेले, हे विशेष होय.

लाकडाची वाट पाहणे

सागाचे झाड कापण्याजोगे होण्यास साठ-सत्तर वर्षे सहज लागतात. म्हणजे ज्याने त्याची राखण केली त्याचा नातू ते तोडणार. तोडल्यावरही काम सुरू होत नाही. ब्रह्मदेशात व मलबारात उभ्या सागाच्या बुंध्याभोवती गाभ्यापर्यंत खाच घेऊन ते झाड दोन-तीन वर्षे जागच्या जागी वाळू देत. मग ते हलके होऊन नदीतून तरंगत नेता येई. एरवी ओंडके कापून फळ्या व तुळया सावलीत रचून ठेवाव्या लागतात. हवेवर वाळणाऱ्या कठीण लाकडाला जाडीच्या दर इंचास एक वर्ष, असा ठोकताळा सांगतात. हा उशीर कोणाच्या आळसाचा नव्हे. लाकडाचा बाहेरचा थर आधी सुकून आवळतो आणि आतला गाभा ओला असतो. त्या ओढाताणीत चीर पडते. टोकांकडून पाणी सर्वांत लवकर उडते, म्हणून टोकांना शेणमाती लिंपतात. एवढे करून एक-दोन पावसाळे गेले आणि लाकूड फुगले, आवळले, स्थिर झाले, म्हणजे मग पटाशीची पाळी.

आमचे आजोबा फळी हातात घेतली की बोटाच्या पेराने ती वाजवून पाहत आणि पुष्कळदा काही न बोलता परत ठेवीत. लहानपणी आम्हांस याचा कंटाळा येई. गिऱ्हाईक ओट्यावर बसून आहे, आणि हे फळ्या वाजवीत आहेत! पुढे स्वतः हत्यार धरले तेव्हा कळले की, ते लाकडाला तयार आहेस काय, असे विचारीत होते. ओले लाकूड बद्द वाजते आणि वाळलेले खणखणीत.

खांब घडविण्याची रीतही अशीच पायरीपायरीची आहे. प्रथम चौरस तुळई. तिचे चार कोपरे मारले की अष्टकोन होतो, त्याचे कोपरे मारले की षोडशकोन, आणि मग रंध्याने गोल. भाज्याचे अष्टकोनी खांब पाहताना आपल्या मनुष्यास ते अनोळखी वाटत नाहीत, ते यामुळेच. त्यानंतर गेरूने नक्षी रेखाटणे, वाकसाने ढोबळ भाग काढणे, लहान-मोठ्या पटाशांनी पाकळ्या उठविणे. तंतूंच्या उलट दिशेने पटाशी गेली की ढलपा उखडतो आणि सबंध पान वाया जाते. म्हणून एकाच पाकळीचा अर्धा भाग एका बाजूने व अर्धा दुसऱ्या बाजूने कोरावा लागतो. नक्षी मनुष्याची असली तरी ती कोणत्या दिशेने कोरावयाची, हे झाड ठरविते.

सुरू आणि केळफूल

या सबुरीचे पीक पेशवाईत आले. शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला गेला व २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. त्यासाठी सागवान जुन्नरच्या रानातून, दगड चिंचवडच्या खाणीतून व चुना जेजुरीहून आला. १७८० च्या सुमारास नाना फडणिसांनी पुण्यात आपला वाडा बांधला. दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडा १८०८ च्या सुमारास पुरा झाला. याच काळात वाई, मेणवली, नाशिक, चांदवड इत्यादी ठिकाणीही सरदार-मुत्सद्द्यांचे वाडे उभे राहिले.

या वाड्यांच्या दिवाणखान्यांत ठिकठिकाणी जो खांब दिसतो त्यास सुरूचा खांब म्हणतात. तळाशी पानांच्या पाकळ्या, त्यांतून वर जाणारा, मध्ये भरलेला व टोकाकडे निमुळता होत गेलेला दांडा, आणि खांबा-खांबांमध्ये नक्षीदार लाकडी महिरपी. येथे सुरू म्हणजे आपल्या समुद्रकिनाऱ्यावरचे सुरूचे बन नव्हे. ते खडशेरणीचे झाड परदेशातून येथे आले ते एकोणिसाव्या शतकात. खांबावरचा सुरू हा इराणी व मोगल बागांतला सरू. तो बाराही महिने हिरवा राहतो, म्हणून तिकडील कवींनी व चित्रकारांनी त्यास अक्षय जीवनाचे प्रतीक मानले. शाहजहानच्या काळात तो संगमरवराच्या खांबांत उतरला आणि तेथून मराठी वाड्यात सागवानाच्या रूपाने आला. दख्खनच्या ज्या कारागिरांनी हे खांब कोरले, त्यांतील बहुतेकांनी हे झाड मातीत उगवलेले कधी पाहिले नसावे. त्यांनी एका झाडाचे रूप ऐकीव ज्ञानावरून व नमुन्यावरून दुसऱ्या झाडाच्या अंगात कोरले.

परंतु त्याच खांबाच्या माथ्याशी दृष्टी नेली तर दुसरी एक वस्तू लोंबताना दिसते. ते केळफूल होय. हे त्यास कोणत्याही बादशाही बागेतून आणावे लागले नाही. ते त्याच्या परसात, विहिरीच्या पाटाशेजारी होते. एकेक जांभळी पारी उलगडत जाणारे ते टोकदार फूल त्याने जन्मापासून पाहिले होते. म्हणूनच सुरूचा खांब ठिकठिकाणी बराचसा सारखा दिसतो, पण केळफुलांत मात्र प्रत्येक हाताची निराळी ओळख राहते. कोठे ते मिटलेले असते, कोठे पहिली पारी नुकती सुटलेली. वनस्पतिशास्त्र केळीला वृक्ष मानीत नाही. ती एकदाच विते आणि मरते. अक्षय मानलेला सुरू आणि एका घडापुरती जगणारी केळ, या दोन्ही एकाच खांबावर एकत्र आल्या. या संयोगाची कल्पना ज्या कोणास प्रथम सुचली तो मनुष्य मोठाच कलावंत असला पाहिजे.

नावे आणि कामे

तो मनुष्य कोण? येथेच आपल्या इतिहासाची खंत आहे. शनिवारवाड्याच्या कामाशी निगडित अशी जी थोडी नावे सांगितली जातात, त्यांत शिवराम कृष्ण, देवजी, कोंडाजी सुतार, मोरारजी पाथरवट, जयपूरचा भोजराज आणि रंगकाम करणारा राघो ही आहेत. कोंडाजीचे नाव राहिले, पण २७ फेब्रुवारी १८२८ रोजी वाड्यास आग लागली व ती सात दिवस धुमसत होती. दगडी तट व जोती उरली, लाकूडकाम सारे भस्म झाले. विश्रामबागवाड्याचाही काही भाग १८७९ साली जळाला. तथापि तेथील सज्जा व खांब बऱ्याच अंशी वाचले. तेथे काम आहे, परंतु त्या खांबांसमोर उभे राहून ते कोणी कोरले असे मुलाने विचारले, तर सांगावयास आपल्यापाशी नाव नाही. एके ठिकाणी नाव राहिले व काम गेले, दुसरीकडे काम राहिले व नाव गेले.

राज्य गेल्यावर आश्रयही गेला. ऑक्टोबर १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांनी बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही सागवानी युद्धनौका पाण्यात उतरली आणि पुढच्याच महिन्यात खडकीची लढाई झाली. ती नौका इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही जतन केलेली आहे. चांगला साग गोदीकडे गेला, पुढे रेल्वेचे युग आले, आणि १८७८ च्या जंगल कायद्यानंतर रानाची मालकी पुरती सरकारची झाली. झाडाशेजारी रात्र काढून लाकूड निवडणारा सुतार वखारीत लिलावाचा माल घेणारा गिऱ्हाईक झाला. झाडाचा व आपला प्रत्यक्ष परिचय तुटला तो येथे.

आमच्या काळात राहिलेले वाडेही पडू लागले. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी असाच एक वाडा उतरविताना मी हजर होतो. खांब वजनावर विकले जात होते. एका खांबाच्या केळफुलात एक पारी अर्धवट कोरून सोडलेली होती. कारागीर आजारी पडला, की धन्याशी बिनसले, की त्याला ती तशीच हवी होती, कोण जाणे. आमचे खापरपणजोबा त्याच भागात वाड्यांच्या कामावर असत असे घरात सांगत आले. पण कोणत्या वाड्यात, हे कोणी लिहून ठेवले नाही. तो खांब त्यांच्या हातचा नव्हे, असेही मला म्हणता येत नाही. त्या दिवशी मी तो विकत घेतला नाही, कारण ठेवावयास घरात जागा नव्हती. त्या गोष्टीचा मला आजही पश्चात्ताप होतो.

पुण्यात दिनकर केळकर यांनी एकट्याच्या जिद्दीने जुनी दारे, चौकटी व खिडक्या जमविल्या आणि कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेषही आपल्या संग्रहालयात उभे केले. त्यांचे उपकार आपल्या ज्ञातीने विशेष मानले पाहिजेत. परंतु संग्रहालयातील दार कोणत्या गावचे हे सांगता येते. कोणाच्या हातचे, हे सहसा सांगता येत नाही. ती माहिती कोणत्याही दप्तरात नव्हती. ती आपल्या घरांत होती, आणि आपणच ती लिहिली नाही.

आपले कर्तव्य

आजच्या तरुणांनी यंत्रे हाती घेतली यात गैर काही नाही. संगणकावर चालणारे कोरणीयंत्र सुरूचा खांब काही तासांत काढून देते आणि पोट भरावयाचे तर वेळेचा हिशेब करावाच लागतो. आपल्या मुलामुलींनी अभियंते, वैद्य, अध्यापक व्हावे, ही तर ज्ञातीची इच्छाच आहे. जुनी गती जशीच्या तशी परत आणा, असा आग्रह मी धरीत नाही. परंतु यंत्राला दिलेला तो नमुनादेखील कोणीतरी एकेकाळी झाडाकडे बघत, पावसाळे मोजत, एकेक पाकळी करून तयार केला होता, याचा विसर पडू नये.

यास्तव दोन सूचना करतो. पहिली अशी की, प्रत्येक कुटुंबाने घरातील सर्वांत वृद्ध माणसाजवळ वही घेऊन बसावे. पूर्वजांची नावे, त्यांचे गाव, त्यांनी काम केलेले देऊळ, वाडा, रथ, पालखी किंवा साधा पाळणा, जे काय आठवत असेल ते लिहून संस्थेच्या कार्यालयात द्यावे. घरात एखादे जुने हत्यार वा कोरीव तुकडा असल्यास त्याचे छायाचित्र सोबत जोडावे. हे काम थांबवून ठेवण्यासारखे नाही, कारण सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. दुसरी सूचना अशी की, ज्यांची शेती वा परस आहे त्यांनी एकेक साग, शिसव किंवा फणस लावावा. त्याचे लाकूड आपणांस मिळणार नाही, नातवंडांस मिळेल. आपणही आजवर दुसऱ्यांनी वाढविलेलीच झाडे तासली आहेत.

वेणुवासाचा पुत्र सामी याचे नाव दोन हजार वर्षे राहिले. तो इतरांहून मोठा कारागीर होता की नाही, हे कोणी सांगू शकणार नाही. त्याचे नाव राहिले ते दगडावर कोरले गेले म्हणून. आपल्या पूर्वजांची नावे निदान कागदावर तरी यावीत आणि पुढील वर्षीच्या स्मरणिकेत त्या नामावलीचा पहिला भाग वाचावयास मिळावा, हीच श्रीविश्वकर्माचरणी प्रार्थना.